पैसा वना, तू का नही वना?

आमच्या मंडळीनं, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांनी, देवळाच्या पत्र्यांसाठी जमवलेल्या पैशांतले 75,000 रुपये मी खाल्ले. खजिनदार मीच होतो.

हे वाक्य मंडळीसमोर उभं राहून मी एकदा बोललोय. आज लिहून दुसऱ्यांदा सांगतोय, कारण गेल्या महिन्यात एका ओळखीच्या माणसानं विचारलं, "एवढं झाल्यावर तुम्ही त्याच देवळात बसता कसे?" त्याला उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. इथं सांगतो.

आमचं गाव नंदुरबारपासून मोटरसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. ख्रिस्ती घरं साठेक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, त्यांच्या कामातून आमच्याकडच्या बऱ्याच मंडळ्या उभ्या राहिल्या. माझे आजोबा त्यातच विश्वासात आले. आज्याचं नाव मंडळीच्या जुन्या रजिस्टरात आहे. वडील वीस वर्षं मंडळीचे 'वडील', म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ होते. म्हणजे मी पडलो तेव्हा माझ्यासकट घरातली तीन माणसं पडली, त्यातली दोन वारलेली होती.

2016 साली मला खजिनदार केलं. त्याच वर्षी पत्र्यांचा फंड सुरू झाला. देवळाचे जुने सिमेंटचे पत्रे तडकलेले. पावसाळ्यात उपासनेच्या वेळी आम्ही सतरंज्या ओढून कोरड्या जागेला न्यायचो आणि मधे बादल्या ठेवायचो. अर्पणाची पेटी उपासनेनंतर आम्ही तिघं मोजायचो, कच्च्या वहीत आकडा लिहून तिघांच्या सह्या. मग पैसे माझ्या घरी स्टीलच्या डब्यात, आणि सोमवारी किंवा मंगळवारी नंदुरबारला बँकेत. मोजायला तिघं होते, भरायला मी एकटा. सगळं तेवढ्याच फटीतून गेलं.

2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली. ज्यांनी कपाशी लावली नाही त्यांना ते कसं होतं हे कळायचं नाही. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. हातात घेऊन फोडलं की आत पिवळट, किडलेला कापूस आणि बारीक गुलाबी अळी. माझी अडीच एकर अशी गेली. कृषी केंद्रवाल्याची उधारी थकली होती, तो दारात येऊन बसायला लागला. डब्यात त्या रविवारचे आणि फंडाचे मिळून 9,000 होते. त्यातले 6,000 मी काढले.

मनातसुद्धा मी चोरी म्हटलं नाही, उसने म्हटलं. कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं 6,000 लिहिलं आणि समोर तारीख टाकली. पेनानं नाही, पेन्सिलीनं. पैसे ठेवले की खोडून टाकू असा हिशेब होता. पुढच्या वर्षी पावसानं दडी मारली, मिरची वाळून गेली, विहिरीनं तळ दाखवला आणि पान भरत गेलं. दीड वर्षात अकरा आकडे. एकही खोडला गेला नाही.

या दीड वर्षात मी एकही रविवार चुकवला नाही. दशमांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्यावर, बोललो. एका दुःखसहनाच्या आठवड्यात, गुड फ्रायडेच्या, आमच्या पाळकसाहेबांनी म्हणजे पाद्रींनी बायबलातला योहानाचा बारावा अध्याय वाचला. येशूला पुढं पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदा, त्याच्याजवळ पैशांची डबी असे आणि तिच्यात टाकलेलं तो चोरून घेई, असं तिथं आहे. मी पुढच्या रांगेत बसलो होतो, कपाटाची किल्ली खिशात होती. मला काही झालं नाही. ही गोष्ट आजही मला चोरीपेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

मे 2019 च्या शेवटी जिभाऊ घरी आले. ते आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडील, वडिलांचे दोस्त. म्हणाले, मिरग लागायच्या आत पत्रे टाकून घेऊ, पासबुक काढ. मी म्हटलं, एन्ट्री राहिलीय, बँकेचं मशीन बंद आहे. ते ओट्यावर बसले, माझ्याकडे बघत आमच्या अहिराणीत म्हणाले, "सगळा पैसा शे ना रे भाऊ?" सगळा आहे ना?

"देवाशपथ, जिभाऊ. सगळा शे."

बायकोनं चहा आणला. जिभाऊंनी चहा घेतला, बशी पालथी घातली आणि गेले. त्यांनी संशय घेतला असता, आवाज चढवला असता तर मी आणखी खोटं बोललो असतो, एवढं मला माझं माहीत आहे. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या बापाच्या दोस्तानं देवाचं नाव ऐकलं आणि बशी पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी रात्री बायकोला सांगितलं. वर्षाचे गहू भरायचे दिवस होते. ती ओट्यावर बल्बखाली बसून गहू चाळत होती, शेजारी कडुनिंबाचा पाला. मी म्हटलं, फंडाचे पैसे माझ्याकडून गेलेत. तिनं विचारलं, किती? मी आकडा सांगितला. तिची चाळणी थांबली नाही. तीनचार वेळा हात फिरला, खाली माती आणि बारीक दाणा पडत राहिला. मग चाळणी खाली ठेवून म्हणाली, "आत्ता पाळकांकडं जा. सकाळची वाट पाहाल तर तुम्ही जाणार नाही."

साडेदहाला मी पाळकसाहेबांचं दार वाजवलं. ते बनियनवर होते. आत घेतलं, पाणी दिलं. मी रडायला लागलो. ते म्हणाले, "रडणं नंतर. आधी आकडा सांगा." मी वहीचं शेवटचं पान फाडून नेलं होतं, ते दिलं. त्यांनी चष्मा लावून अकरा आकड्यांची बेरीज दोनदा केली. 75,000. मग दिवा न घालवता आम्ही गुडघे टेकले. प्रार्थनेत त्यांनी 'चूक', 'अडचण', 'मोह' असं काही म्हटलं नाही. 'चोरी' म्हटलं, 'खोटी शपथ' म्हटलं. माझ्या पापाला कोणीतरी त्याच्या नावानं हाक मारली आणि दीड वर्षात पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

पंच कमिटी तीन तास बसली. मी बाहेर कडुनिंबाखाली होतो, आवाज ऐकू येत होते. गुरुजी, म्हणजे आमचे निवृत्त शिक्षक, पोलिसात तक्रार करा म्हणत होते. दुसरे एक जण म्हणत होते, घरातली गोष्ट घरात ठेवा, गावात आपलं नाव जाईल. पाळकसाहेबांनी दोन्ही मानलं नाही. पैसा मंडळीचा, तेव्हा कळायचंही मंडळीलाच, असं ते म्हणाले. गुरुजींचा मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही. बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांत, मार्क या सोबत्यावरून पौल आणि बर्णबा या दोन प्रेषितांचं इतकं बिनसलं की दोघं दोन दिशांना गेले. मार्क आधीच्या प्रवासात पंफुल्यात त्यांना सोडून परत फिरला होता, म्हणून पौलाला तो नको होता. त्याच पौलानं म्हातारपणी आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलं की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. पौल आधी कडक होता म्हणून नंतरच्या त्या ओळीला वजन आहे, असं मला वाटतं.

आत बोलावल्यावर पाळकसाहेबांनी बायबलातल्या गणनेच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडला. ज्यानं अपराध केला त्यानं पाप कबूल करावं, मुद्दल पुरतं भरून द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा. 75,000 चा पाचवा हिस्सा 15,000. एकूण 90,000. महिन्याला 3,000 प्रमाणे 30 हप्ते ठरले. एक वर्ष प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळी मिळून घेते तो पाव आणि द्राक्षरस, नाही. पद कुठलंच नाही, पुढं उभं राहून प्रार्थनाही नाही. "उपासनेला मात्र यायचंच," पाळकसाहेब म्हणाले. तो शब्द तेव्हा मला सगळ्यात हलका वाटला होता.

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो. काय बोलणार ते कागदावर लिहून नेलं होतं, अर्ध्यात अक्षरं दिसेनाशी झाली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बायकांच्या बाजूला मोठी माय बसली होती. तिला सगळे मोठी माय म्हणतात, नातं कुणाचंच नाही. निराधार योजनेच्या पैशातून तिनं पत्र्यांसाठी 500 रुपये दिले होते. त्याची पावती मीच फाडली होती, आणि नाव विचारल्यावर ती म्हणाली होती, "देवले नाव माहीत शे." मला त्या 75,000 तले ते 500 तेवढे दिसत होते. मुलगा अकरा वर्षांचा, आईच्या पलीकडे बसलेला. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता.

मग सुरू झालं ते वर्ष.

आमच्या देवळात पुढं सतरंज्या आणि मागं तीन बाक आहेत, म्हाताऱ्यांसाठी. मी शेवटच्या बाकावर भिंतीकडून दुसऱ्या जागेवर बसायला लागलो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. पावाच्या तुकड्यांचं ताट माणसामाणसातून मागं येतं. माझ्या अलीकडचा माणूस तुकडा उचलायचा, मग ताट माझ्यापुढून पलीकडच्याला द्यायचा. ते ताट माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून जायचं. कडेचे तुकडे वाकडे कापलेले असायचे, ते मला पाठ झाले होते. मग द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे, तोही तसाच. घरी येऊन मी जेवायचो नाही. बायको ताट वाढून ठेवायची आणि काही बोलायची नाही. त्या वर्षी ती माझ्याशी फार कमी बोलली. दर रविवारी साडेनऊला माझा इस्त्री केलेला शर्ट मात्र खाटेवर असायचा.

ऑगस्टमध्ये मी पळून पाहिलं. नंदुरबार शहरात दुसऱ्या एका मंडळीत गेलो. गाणी छान, लोक प्रेमळ. दोघातिघांनी गळ्यात हात घालून विचारलं, भाऊ कुठले, पुन्हा या. परत येताना रेल्वे फाटकावर गाडी थांबवून मी विचार करत होतो की मला बरं का वाटत नाही. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. आणि ओळखत नव्हतं म्हणून तिथं कोणाला मला क्षमाही करता येत नव्हती. ते ज्याला भेटले तो मी नव्हतोच. पुढच्या रविवारी मी पुन्हा मागच्या बाकावर होतो.

पैसे उभे करायला हिवाळ्यात मी नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर जायला लागलो. शहराबाहेर मोकळ्या रानात एकरच्या एकर लाल मिरची वाळत पसरलेली असते, लांबून बघणाऱ्याला ते देखणं वाटतं. आत तोंडाला फडकं बांधून मिरची ओढायची, उलटायची, पोत्यांत भरायची. दुपारपर्यंत हाताची आग व्हायला लागते आणि ती रात्री जेवताना, झोपताना, सगळीकडे बरोबर येते. एक दिवस पोतं भरताना एकदम मुलगा आठवला. शाळेतल्या पोरांनी त्याला माझ्यावरून काहीतरी म्हटलं होतं आणि त्यानं ते घरी सांगितलं नव्हतं, मला बाहेरून कळलं होतं. डोळे भरून आले. पण हात मिरचीचे. डोळ्याला हात लावता येत नाही. तसाच उभा राहिलो, पाणी गालावरून फडक्यात जात राहिलं, आणि त्या अवस्थेत मला स्वतःची प्रार्थना सुचेना. बायबलातल्या दावीद राजाच्या 51 व्या स्तोत्रातली एकच ओळ येत होती : माझे पाप माझ्यापुढे नित्य आहे. तीच म्हणत राहिलो. पुढं कित्येक महिने माझी प्रार्थना तेवढीच होती. ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला मी आजही सांगतो की स्वतःचे शब्द शोधत बसू नका. दाविदाचे घ्या. तो खून आणि व्यभिचार करून बसला होता, त्याचे शब्द आपल्याला पुरतात.

मार्च 2020 ला सगळं बंद झालं. देवळाला कुलूप लागलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. एप्रिल आणि मे, दोन हप्ते चुकले, तसं मी पाळकसाहेबांना फोनवर कळवलं. जूनमध्ये माझं वर्ष भरलं, पण देऊळच बंद. 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन सांगितलं की आमचा हा भाऊ आजपासून मेजावर परत येत आहे. ताट आलं. मी तुकडा उचलला, खाल्ला.

काहीच वाटलं नाही.

मी दीड वर्ष त्या क्षणाची वाट पाहिली होती. वाटलं होतं, आत काहीतरी उघडेल, ओझं उतरेल. पाव पावासारखा लागला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही खाल्लात ना? मग झालं." त्या वेळी मला ते कोरडं वाटलं.

शेवटचा हप्ता फेब्रुवारी 2022 ला दिला. नवीन खजिनदार बाईंनी पावतीवर 'पूर्ण' असं लिहून खाली रेघ मारली. 30 पावत्या रबर लावून मी कपाटात ठेवल्या. आणि इथून पुढं जे झालं त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो, कारण पडल्याच्या गोष्टी लोक सांगतात, फेडल्याच्याही सांगतात. फेडून झाल्यावर काय होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी जाणं सोडलं. ठरवून नाही. एक रविवार पाणी भरायचं होतं, एक रविवार लग्न. देणं होतं तोवर मी त्या देवळाला बांधलेला होतो. देणं संपलं, मग मला तिथं ओढणारं काही उरलं नाही. उरले ते मला ओळखणारे साठ घरांचे डोळे. मे महिन्यात मंडळीनं पत्रे टाकले. मी त्या दिवशी शेतात होतो. संध्याकाळी बांधावरून पाहिलं तर गावाच्या कडेला नवे पत्रे उन्हात चमकत होते. त्यात माझे 90,000 होते आणि मी तिथं नव्हतो.

जूनमध्ये नोकरी बघायला सुरतेला गेलो. आमच्याकडची कितीतरी माणसं तिथं आहेत, उधन्याला मेहुण्याची खोली होती. ठरवलं होतं की काम मिळालं तर बायकापोरांना आणायचं आणि गावाचं नाव काढायचं नाही. पाचव्या रात्री झोप येईना. बाजूला चार माणसं घोरत होती. मोबाईलवर बायबल उघडलं आणि मत्तयाचा 27 वा अध्याय निघाला. यहूदा. मी तो भाग लहानपणापासून ऐकलेला, पण त्या रात्री पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की यहूदानं पैसे परत केले होते. येशूला पकडून देण्यासाठी घेतलेली तीसच्या तीस नाणी, एकही ठेवलं नाही. कबुलीही दिली, मी पाप केलं म्हणून. पैसे परत देऊन, पाप कबूल करून तो गेला आणि त्यानं फास घेतला. याजकांनी त्याला सांगितलं होतं, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. माझे हप्तेही तीसच होते. हा योगायोग, मी त्यात काही पाहत नाही, पण त्या अंधारात अंगावर काटा आला.

आणि येशूला पकडल्यावर ज्यानं त्याला नाकारलं त्या शिष्यानं, पेत्रानं काय परत केलं? काही नाही. त्याच्याकडं परत करण्यासारखं नव्हतंच. शपथ घेऊन "मी त्या माणसाला ओळखत नाही" म्हटलेलं कसं परत करणार? तो बाहेर जाऊन मोठ्यानं रडला, आणि नंतर जिथं बाकीचे अकरातले होते तिथं येऊन बसला. एवढंच. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यातच येऊन बसला.

आठव्या दिवशी गावी परतलो. देवळात मात्र लगेच गेलो नाही, हे खरं सांगायला हवं. कळणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं. पाऊस सुरू झाला, मिरचीची रोपं लावायची होती. मग एक दिवस मोठी माय काठी टेकत दारात आली. पैसा आला, तू का नाही आलास, हे विचारायला. सत्तरच्या पुढची, चिखलातून चालत आलेली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली,

"पैसा वना, तू का नही वना?"

मी म्हटलं, "माय, आता माझ्याकडं काही बाकी नाही ना."

"मी पैसा मांगाले वनू का?" तिचा आवाज चढला. मग खाली आला. "आयतवारे मनासंगे चाल. चिखल शे, मना हात धराले कोनी नही."

मी गेलो. तिचा हात धरून, चिखलातून, अर्ध्या किलोमीटरला वीस मिनिटं लागली. दारात तिनं माझा हात सोडला नाही. बायकांच्या बाजूला तिची जागा येईपर्यंत सोडला नाही. सगळ्या मंडळीनं ते पाहिलं. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. वर नवे पत्रे वाजत होते, बादल्या नव्हत्या.

त्यानंतर रविवारी तिला आणायला जाणं हे माझं काम झालं. विश्वास टिकवणं म्हणजे आत काहीतरी पेटत राहणं, असं मी समजत होतो. माझं तसं नव्हतं. तो काळ सकाळी नऊला मोठ्या मायच्या दारात जाऊन उभं राहण्याचा होता. आत कोरडं असायचं तेव्हाही नऊ वाजायचेच. कधीतरी गाण्याच्या मधे, कधी तिच्या संथ चालीबरोबर चालताना, थोडं थोडं ओल यायला लागली. तारीख सांगता येणार नाही.

त्या हिवाळ्यात जिभाऊंनी निरोप पाठवला, शेतात भरीत आहे, ये. खानदेशात हिवाळ्यात भरिताला बोलावणं म्हणजे घरचा मानणं. मी त्यांच्याशी त्या शपथेनंतर एकटा बोललोच नव्हतो. मंडळीसमोर माफी मागितली होती, पण जिभाऊ, मी तुमच्यासमोर देवाची खोटी शपथ घेतली, असं त्यांना वेगळं म्हटलं नव्हतं. अंधार पडता पडता पोचलो. पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ केला होता, त्यात हिरवी मोठी वांगी टाकलेली. साल जळून काळी झाली, फुगली, फुटली. जाळ खाली बसला आणि नुसता लाल विस्तव राहिला. जिभाऊंनी एक वांगं बाहेर ओढून माझ्यापुढं सरकवलं, "सोल." मी सोलायला लागलो, बोटं भाजत होती. खाली मान घालून मी म्हटलं, "जिभाऊ, त्या दिवशी ओट्यावर..."

"माहीत शे," ते म्हणाले. "मले त्याच दिवशी माहीत पडनं व्हतं."

मी वर पाहिलं. त्यांनी विस्तव काडीनं सारखा केला. त्या दिवशी चहा पिताना माझा हात थरथरत होता, तो त्यांनी पाहिला होता. घरी जाऊन ते काही बोलले नाहीत, फक्त माझं नाव घेऊन प्रार्थना केली, आणि दुसऱ्या रात्री मी पाळकांकडं गेलो हे कळलं तेव्हा ते रडले. हे त्यांनी वांगं ठेचताठेचता सांगितलं, मग मिरची आणि लसूण टाकून विचारलं, दादर ज्वारीची भाकर खाशील की उडीद घातलेल्या कळण्याची.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, तिथं शेकत असताना पेत्रानं येशूला नाकारलं. दुसऱ्यांदा तिबिर्याच्या सरोवराच्या किनाऱ्यावर, तिथं मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूनं मासळी आणि भाकर मांडून ठेवली होती आणि म्हणाला, या, न्याहारी करा. आधी जेवू घातलं. "माझ्यावर प्रीती करतोस काय" हे तीनदा विचारलं ते जेवण झाल्यावर. मी हे शेकडो वेळा वाचलं असेल. जिभाऊंच्या विस्तवाजवळ हात काळे करून बसलो तेव्हा ते मला पोटातून कळलं.

त्याच आठवड्यात लूकच्या 22 व्या अध्यायातल्या त्या ओळीपाशी मी थांबलो आणि आजपर्यंत तिथून फारसा हललेलो नाही. सैतानानं तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागून घेतलं आहे, असं प्रभू पेत्राला सांगतो. पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांस स्थिर कर. आपल्या मराठी बायबलात 'वळलास म्हणजे' आहे, 'वळलास तर' नाही. पेत्र अजून पडलासुद्धा नव्हता. कोंबडा आरवायला रात्र बाकी होती, आणि त्याच्या परत येण्याचं प्रभू ठरल्या गोष्टीसारखं बोलतो. चाळणी टळावी अशी विनंती त्यानं केली नाही. मला बायकोचे फिरणारे हात आठवले. माती खाली पडते, गहू वर राहतो. त्या रात्री ती चाळत का राहिली हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती म्हणाली, "हात थांबले असते तर मी ओरडले असते."

मी पुन्हा खजिनदार झालेलो नाही आणि होणारही नाही. पेटी मोजतात तेव्हा मी बाहेर थांबतो. ते मला कोणी सांगितलेलं नाही, मीच ठरवलंय. पैसे आता दोघं मिळून बँकेत भरतात आणि पासबुक दर महिन्याला नोटीस बोर्डावर लागतं, ही सूचना माझी होती. मुलगा मोठा झालाय, रविवारी ढोलक वाजवतो. आमच्यात अजून त्या विषयावर पुरतं बोलणं झालेलं नाही. तो बोलेल तेव्हा मी ऐकीन.

मागच्या पंधरवड्यात रात्री एक पोरगा घरी आला. तरुण संघाचा पुढारी होता, काय केलं ते इथं सांगायचं नाही, पण मंडळीला कळलंय आणि तो तीन रविवार आलेला नाही. बराच वेळ ओट्यावर बसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही परत कसे आलात?" मी त्याला यातलं काहीच सांगितलं नाही, एवढं लांब सांगायची ती वेळ नव्हती. बायकोनं आतून भाकर आणि ठेचा आणला. त्याचं खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "रविवारी मी आधी मोठ्या मायला घेईन आणि साडेनऊला तुझ्या दारात येईन. तयार राहा."

"बसू कुठं?"

"शेवटच्या बाकावर. भिंतीकडून दुसरी जागा. तिथं पंख्याचं वारं लागतं."

"आणि तुम्ही?"

"भिंतीकडून तिसरी," मी म्हटलं.